हजेरी घ्यायला डोळ्यांत डोळे घालावे लागत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी नेरूळला एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलात राहते. टी.वाय.ची परीक्षा नुकतीच झाली, विषय संख्याशास्त्र, गाव चिपळूणजवळ. मला ऑटिझम आहे. हे तिसरं वाक्य मी, कुणी विचारलेलं नसताना, पहिल्यांदाच सांगतेय. कारण एका कागदाबद्दल लिहायचं आहे आणि ते वाक्य टाळून त्या कागदाबद्दल लिहिता येत नाही.

दरवर्षी नव्या मुली यायच्या आधी आमच्या नोटीस बोर्डावर तो कागद लागतो. 'विद्यार्थी सहायक पाहिजे, प्रत्येक मजल्यास एक.' काम म्हणजे रात्री नऊची हजेरी, चाव्या, तक्रारवही, नव्या मुलींना खोल्या दाखवणं, रात्रीबेरात्री कुणी आजारी पडलं तर रेक्टर मॅडमना उठवणं. मोबदला म्हणून वर्षभराचे मेसचे पैसे माफ. आमच्या मेसला महिन्याला 3,500 लागतात, दहा महिन्यांचे 35,000. माझ्या बाबांचं चपलांचं दुकान आहे. जुलै 2021 च्या पुरात त्यात छातीइतकं पाणी होतं, एका पायाच्या चपला मिळाल्या त्या दुसऱ्या पायाच्या सापडल्या नाहीत. 35,000 म्हणजे कर्जाचे किती हप्ते, हे आईला तोंडपाठ आहे. म्हणून गेल्या जूनमध्ये मी अर्ज केला.

अर्जात एक रकाना होता, 'दिव्यांगत्व असल्यास प्रकार'. त्यापुढे छापील पर्याय चार: अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते 21 झाले आणि त्यात ऑटिझम नावानिशी आहे. तो कायदा एप्रिल 2017 पासून लागू आहे, आमचे फॉर्म बहुधा त्याआधी छापलेल्या गठ्ठ्यातले. मी चारही पर्याय सोडून समासात 'ऑटिझम' लिहिलं. खिडकीवरच्या काकांनी वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हे काय असतं? लागण होत नाही ना?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. अर्ज हॉस्टेलचा होता आणि गेल्याच महिन्यात आमच्याकडे निम्म्या मुलींचे डोळे आले होते. मी "नाही" म्हटलं, त्यांनी शिक्का मारला. या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सरळ बोलणं तेच.

(मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द कुणी चांगल्या मनानेच केला असणार, पण मला तो पटत नाही. स्वतःत मग्न व्हायला मला उसंतच कुठे मिळते? मी पंख्यात मग्न असते, ट्यूबलाइटच्या गुणगुणण्यात असते, शेजारच्या खोलीतल्या मिक्सरमध्ये असते.)

मुलाखत रेक्टर मॅडमच्या ऑफिसात होती. टेबलापलीकडे तिघं. मॅडम, एक प्राध्यापक सर आणि संस्थेकडून आलेले एक गृहस्थ. त्यांचा फोन टेबलावर उपडा ठेवलेला होता आणि सारखा घुर्रघुर्र करत होता. पंख्याचं एक पातं वाकडं होतं, प्रत्येक फेरीला 'टक्' व्हायचं. खिडकीखाली वॉचमनकाका टँकरवाल्याशी भांडत होते. इतरांना असे आवाज मागे ढकलता येतात म्हणे. माझ्याकडे सगळे आवाज पहिल्याच बाकावर येऊन बसतात. त्यांच्यातून मॅडमचं वाक्य ऐकू आलं, "स्वतःबद्दल सांग."

मी विचारलं, "किती मिनिटं?"

गृहस्थ हसले. मी विनोद केला नव्हता. दोन मिनिटांचं उत्तर आणि पाच मिनिटांचं उत्तर, अशी दोन्हींची तयारी करून मी गेले होते.

मग सर म्हणाले, "बाळ, इकडे बघून बोल ना, भिंतीकडे काय बघतेस?" भिंतीवर चाव्यांचा बोर्ड होता आणि 213 च्या हुकाला 231 ची चावी अडकवलेली होती. मी ते सांगितलं. मुलाखत चाव्या सांभाळायच्या कामाची आहे, तर हे सांगणं बरं, असं मला वाटलं. मॅडमनी मान वळवून पाहिलं, "हो का, बघते मी" म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न विचारला. डोळ्यांचं म्हणाल तर, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं ठरवलं की माझं ऐकणं बंद पडतं. त्यावर मी एक युक्ती शिकले आहे, दोन भुवयांच्या मधोमध बघायचं. एक माणूस असेल तर ती चालून जाते. तीन असले की कुणाच्या भुवया, हे ठरवण्यातच प्रश्न निघून जातो.

"रात्री दोन वाजता एखादी मुलगी रडत असेल, तर तू काय करशील?"

मी विचारलं, "खोलीत की पॅसेजमध्ये? एकटी आहे का? अंगात ताप आहे का? ती मला ओळखते का?" सरांनी पेन खाली ठेवलं. "अगं, आधी जवळ घेशील की चौकशी समिती बसवशील?" सगळे हसले. या वेळी विनोद कुठे आहे हे मला कळलं, आणि मी गप्प झाले.

आता खरं काय झालं होतं ते सांगते. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्टमध्ये, रात्री एकच्या सुमारास मी दुसऱ्या मजल्यावर पाणी भरायला गेले. धुळ्याकडची एक एफ.वाय.ची मुलगी कूलरशेजारी भिंतीला टेकून, गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मी बाटली भरली आणि तिच्यापासून तीन फरशा सोडून बसले. काही विचारलं नाही. मला रडताना कुणी 'काय झालं' म्हणून विचारलं की शब्द शोधायचं काम वाढतं, आणि तेव्हा माझ्याकडे शब्द शिल्लक नसतात. तिचंही तसंच असेल असं समजून बसले. कूलरचा नळ गळत होता, थेंब मोजत राहिले. 340 च्या आसपास ती म्हणाली, "उद्या प्रॅक्टिकल आहे आणि माझं जर्नल कोरं आहे." मी खालून माझं जुनं जर्नल आणलं. तीनपर्यंत बसलो. मध्ये एकदा तिने माझ्या बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं, मी परत भरलं.

मुलाखतीत हे मी सांगितलं नाही. प्रश्न 'काय करशील' असा होता, 'काय केलं आहेस' असा नव्हता. ते सांगायला हवं होतं, हे मला बाहेर पडल्यावर जिन्यात कळलं.

माझी एक चूकही सांगायला हवी, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. एस.वाय.ला असताना मी एकदा हजेरीचं मस्टर पाहिलं. आमच्या मजल्यावर 62 नावं होती, मुली 61. एक मुलगी डिसेंबरमध्येच हॉस्टेल सोडून गेली होती, पण फेब्रुवारी संपेपर्यंत तिच्या नावापुढे रोज 'उ' होता. सगळे 'उ' एकाच दमात, पेन न उचलता काढलेले. आग लागली असती तर अग्निशमन दलाचे लोक पनवेलला आपल्या घरी झोपलेल्या मुलीला आमच्या मजल्यावर शोधत बसले असते. मी हे रेक्टर मॅडमना सांगितलं, पण मेसमध्ये, रात्रीच्या जेवणाला, सगळ्यांदेखत, आणि त्या वेळच्या सहायक ताई माझ्या शेजारीच ताट घेऊन उभ्या होत्या. त्या रडल्या. माझं म्हणणं बरोबर होतं आणि माझी जागा चुकली होती. नंतर मी त्यांना चिठ्ठी लिहून माफी मागितली, त्यांनी ती ठेवून घेतली. ही गोष्ट माझ्या विरोधात कुणी मांडली असती तर मी कबूल केली असती. पण मुलाखतीत ती निघालीच नाही.

निघाले गुण. टेबलावर गुणांचा तक्ता होता आणि मला उलटं वाचता येतं. व्यक्तिमत्त्व 10, संभाषण 15, नेतृत्व 10, देहबोली व नजर 5, गटचर्चा 10. एकूण 50. हजेरी, चाव्या, नोंदी यांना शून्य. गटचर्चा आदल्या दिवशी झाली होती, 'हॉस्टेलमध्ये मोबाईलवर बंदी हवी का' या विषयावर. सहा जणी एकदम बोलत होत्या. मी दोनदा बोलले आणि दोन्ही वेळा आधीच्या मुलीचं वाक्य संपायची वाट पाहिली. ते संपेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

त्या 'नजर 5' वर मला थोडं बोलायचं आहे. अकरावीत असताना सरकारी हॉस्पिटलात माझी तपासणी झाली. (तोवर मी गावात 'लाजरी' होते आणि शाळेत 'आखडू'.) आपल्याकडे ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. त्यात 40 वाक्यं असतात आणि प्रत्येक वाक्याला 1 ते 5 गुण. जितके गुण जास्त, तितका ऑटिझम जास्त. त्यातलं पहिलंच वाक्य नजरेला नजर न देण्याबद्दल आहे. म्हणजे ज्या गोष्टीचे गुण मोजून सरकारने मला यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) दिलं, त्याच गोष्टीचे गुण कापून मला काम नाकारलं गेलं. संख्याशास्त्राच्या विद्यार्थिनीला यात गंमत वाटायला हवी. तेव्हा वाटली नाही.

यादीत नाव नव्हतं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला गॅलरीत थांबवलं. "तुझ्याच भल्यासाठी सांगते गं. अभ्यासात हुशार आहेस, तेच कर. हे माणसांचं काम आहे, तुला झेपायचं नाही." मी "बरं" म्हटलं, कारण वाक्य संपलं होतं आणि त्यात प्रश्न नव्हता. मॅडम वाईट नाहीत. मला डेंग्यू झाला तेव्हा बाबा गाडीत होते तोवर रात्रभर त्या हॉस्पिटलात स्टुलावर बसून होत्या. म्हणूनच हे जास्त अवघड जातं. वाईट माणसाशी भांडता येतं.

आमच्या मजल्यावर निवड झाली ती माझी मैत्रीणच आहे. मुलींना ती आवडते, मलाही आवडते. हजेरीचा नवा तक्ता तिने माझ्याकडून करून घेतला. कोण गावी गेलं, कोण लेट पासवर आहे, कोण आजारी आहे, असे वेगळे रकाने, आणि रोज खाली बेरीज जुळलीच पाहिजे. चाव्यांचा बोर्डही दर रविवारी मीच लावते. मेसचे पैसे तिचे माफ आहेत.

माझी मावसबहीण अमेरिकेत एमएस करताना अशाच कामावर होती. तिकडे त्याला रेसिडेंट असिस्टंट म्हणतात. खोली फुकट आणि बहुतेक ठिकाणी जेवणही. ती सांगते, काम मुख्यतः रात्रीच्या फेऱ्यांचं आणि लिहिण्याचं. कुठला दिवा गेलाय, कुठे धूर दिसला, कुणी दार आपटलं, सगळ्याचा रिपोर्ट. नव्या मुलांच्या दारांवर त्यांच्या नावाची रंगीत चित्रं चिकटवायची, हे काम तिला कंटाळवाणं वाटायचं. मला ते आवडलं असतं, एकाच मापाची कितीतरी चित्रं. तिकडेही सगळं सोन्याचं नाही. तिच्या निवडीतही गटाची फेरी होती, कागद आणि चिकटपट्टीचा मनोरा बांधायचा, आणि मोठ्याने बोलणारेच त्यात पुढे गेले. पण तिकडच्या 1990 च्या कायद्यानुसार नोकरी देऊ करायच्या आधी मालक तुम्हाला 'काही अपंगत्व आहे का' असं विचारू शकत नाही, आणि मुलाखतीसाठी काही सोय हवी असेल तर ती तुम्ही मागू शकता. आमच्याकडे आधी विचारतात आणि सोयीचं नाव काढत नाहीत.

आपल्याही कायद्यात सोय आहे. त्याला इंग्रजीत 'रीझनेबल अकोमोडेशन' म्हणतात. हॉस्टेलात अकोमोडेशन म्हणजे खाट, त्यामुळे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं खोलीबद्दलच आहे. खोलीशी त्याचा संबंध नाही. समोरच्यावर फार ओझं न टाकता, त्या एका माणसाला बरोबरीने भाग घेता यावा म्हणून केलेला बदल, असा त्याचा अर्थ. तो नाकारणं हाही भेदभावच, असं 2016 चा कायदा व्याख्येतच सांगतो. आणि ही सोय ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे ठरवायची असते, हे सुप्रीम कोर्टाने 11 फेब्रुवारी 2021 च्या निकालात सविस्तर मांडलं आहे. तो खटला यूपीएससीच्या परीक्षेत लेखनिक मागणाऱ्या उमेदवाराचा होता, ज्याच्या हाताला लिहिताना पेटके येत. विद्यार्थ्याचं हे मेसमाफीचं काम कायद्याने 'नोकरी' धरायचं की नाही, यावर वकील भांडू शकतील. मी त्यात पडत नाही. मी फक्त एवढं बघते की परीक्षेत मला तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, त्यावर याच कॉलेजात कुणी कुरकुर करत नाही. पेपर लिहिताना मी ज्या कारणासाठी जादा वेळ घेते, त्याच कारणासाठी मुलाखतीत मला प्रश्न आदल्या दिवशी कागदावर हवे होते.

याच कायद्याच्या कलम 21 नुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. मी ऑफिसात ते मागितलं. "ते काय, भिंतीवर लावलंय," असं उत्तर आलं. भिंतीवर रॅगिंगविरोधी समितीचा फलक होता. तोही चांगलाच आहे, मी पूर्ण वाचला.

ऑटिझम म्हटलं की आपल्याकडे लहान मूल डोळ्यांपुढे येतं. वाशीला महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे मुलांना घेऊन जाणाऱ्या आया मला लोकलमध्ये दिसतात. ती मुलं मोठी होतात हो. सीवूड्सला, घणसोलीला, ऐरोलीला कॉलेजात जातात, हॉस्टेलात राहतात, त्यांनाही पैसे लागतात. आणि आम्हाला दुसऱ्याच्या भावना समजत नाहीत, हे जे सरसकट बोललं जातं, त्यावर डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये एक साधी गोष्ट मांडली. न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. आम्हाला तुमचं कळत नाही तसं तुम्हालाही आमचं कळत नाही, फक्त फॉर्ममध्ये रकाना आमच्यासाठी असतो. (हे शेवटचं त्यांचं नाही, माझं.)

माझे आईकडचे आजोबा साताऱ्याला बोर्डिंगात राहून शिकले, कर्मवीर भाऊरावांच्या. 1924 मध्ये सुरू झालेलं ते बोर्डिंग, सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची आणि कामं करून शिकायची. आजोबांकडे पाणी भरण्याचं आणि भाजी निवडण्याचं काम होतं. ते अजून मेथी निवडतात तेव्हा काड्या एका मापाच्या होतात, आणि बोलता बोलता कुणाच्या डोळ्यांत बघत नाहीत. त्यांना कुणी कधी तपासलेलं नाही, मी फक्त नोंद करतेय. मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मुलाखत? आम्हाला पहिल्या दिवशी घागर दिली आणि म्हणाले, विहीर तिकडे आहे."

माझं मागणं याहून फार मोठं नाही. घागर द्या. आठवडाभर मजल्याची हजेरी, चाव्या आणि तक्रारवही उमेदवाराच्या हाती सोपवा आणि आठवड्याच्या शेवटी मस्टर तपासा, मुलींना विचारा. ज्यांना बोलून दाखवायचं आहे त्यांनी खुशाल बोलावं, मुलाखत बंद करा असं माझं म्हणणं नाही. पण प्रश्न आदल्या दिवशी द्या, सगळ्यांनाच द्या, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पंख्याचं पातं सरळ करून घ्या, ते तसंही एक दिवस कुणाच्या डोक्यात पडेल. आणि नव्या मुलींपैकी काहींना गप्प बसणारी सहायकही हवी असते, हे धुळ्याच्या त्या मुलीला विचारून बघा. ती आता एस.वाय.ला आहे आणि तिचं जर्नल वेळेवर पूर्ण असतं.

मी एम.एस्सी.साठी याच कॉलेजात राहणार आहे. यंदाचा कागद गेल्या सोमवारी लागला. रकान्यात अजून चारच पर्याय आहेत. मी पुन्हा समासात लिहिलं, आणि त्याखाली 'मुलाखतीचे प्रश्न आदल्या दिवशी लेखी मिळावेत' ही ओळ जोडली. खिडकीवरच्या काकांनी या वेळी काही विचारलं नाही. शिक्का मारला, आणि समासात जागा कमी पडली म्हणून मागे एक कोरा कागद टाचणीने लावून दिला.

आपली,
एक विद्यार्थिनी, नेरूळ, नवी मुंबई
(नाव व कॉलेजचं नाव कृपया छापू नये. मुलाखत अजून व्हायची आहे.)